सात पिढ्या शाकाहारी, तरी शुगर का? नाशिकच्या काकांना उत्तर

नमस्कार काका (वय 67 असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते),

प्रागमधल्या शाकाहाराच्या प्रयोगावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया झोंबली, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं: ‘आमच्या घरात सात पिढ्या अंडं आलं नाही, आम्ही तिघे भाऊ सडपातळ, तरी तिघांनाही मधुमेह. आणि तुम्ही प्रागच्या 74 लोकांवरून आम्हाला भाजीपाल्याचं माहात्म्य सांगता. त्यांना गुण आला तो व्यायामाचा.’

आधी प्रागचं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात व्यायाम दोन्ही गटांना होता. टाइप 2 मधुमेहाची माणसं, एकूण 24 आठवडे. पहिले 12 आठवडे फक्त आहार, पुढच्या 12 आठवड्यांत त्याला व्यायामाची जोड. उष्मांकही दोघांचे रोज 500 नी कमी केलेले. एका गटाला धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं आणि फार तर एक वेळ कमी स्निग्धांशाचं दही. दुसऱ्याला मधुमेह्यांचा नेहमीचा आहार. शेवटी पहिल्या गटात 43 टक्के लोकांची औषधं कमी झाली, दुसऱ्यात 5 टक्क्यांची. व्यायाम सुरू झाल्यावर दोन्ही गटांतलं अंतर आणखी वाढलं. सगळी किमया व्यायामाची असती, तर ती दोघांना सारखीच पावायला हवी होती.

पण तुमच्या शंकेला एक जागा आहे. पहिल्या गटाचं वजन सरासरी 6.2 किलोनं उतरलं, दुसऱ्याचं 3.2 नं. मग गुण भाजीचा की उतरलेल्या वजनाचा? इन्सुलिनचं (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचं) काम किती सुधारलं याचा मेळ पोटातली चरबी किती घटली याच्याशी बसत होता. हे मी लेखात गाळलं. चूक माझी.

आता तुमच्या सात पिढ्या. ताटात काय नाही एवढंच ‘शाकाहारी’ हा शब्द सांगतो. एकादशीची साबुदाणा खिचडी शाकाहारी, चारच्या चहाबरोबरची खारी शाकाहारी, फरसाण तर पक्कं शाकाहारी! अमेरिकेत दोन लाखांवर आरोग्य कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून 2016 मध्ये निष्कर्ष आले. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, सुकामेवा यांवर भर असलेल्यांत मधुमेहाचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी. मैदा, गोड पेयं, मिठाई यांवर भर असलेल्यांत 16 टक्क्यांनी जास्त. दोन्ही आहार वनस्पतीजन्यच.

आणि ‘सडपातळ’वर फार विसंबू नका. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हातपाय काटकुळे आणि सदऱ्याआड पोट, हे आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत दिसतं.

इथेच व्यायाम आणि आहार एकमेकांना भेटतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू राबत असला तर इन्सुलिनच्या चिठ्ठीशिवायही तो साखर आत घेतो. पण मुळात स्नायूच कमी असेल तर साखर ठेवायची कुठे? म्हणून नुसतं फिरणं मला अपुरं वाटतं. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून जोर, एवढं तरी हवं. स्नायूला प्रथिनंही लागतात. 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती जेमतेम 22. तुमच्या वाटीतल्या आमटीत डाळ किती असते, ते काकूंना विचारा. (आमच्याकडे बुडी मारून शोधावी लागायची.) उसळ, भिजवलेले हरभरे, सोयाबीन वाढवून पोळी-भात तेवढा कमी केलात तरी पुष्कळ.

तुम्ही मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या घेता असं लिहिलंय. तेव्हा हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. खाणं घटवून हालचाल वाढवली तर ग्लिमेपिराइडमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, हे ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. मेटफॉर्मिननं बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि आपण शाकाहारी, तेव्हा तीही तपासणी करून घ्या.

डॉक्टर हो म्हणाले, तर एक करा. एक दिवस जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी तेवढंच जेवून वीस मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा आणि आकडे इथेच खाली टाका. माझ्या विरोधात गेले तरी.