महादजींच्या पलटणी, गोरखे आणि ‘भाडोत्री’ हा शब्द

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठ दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: परक्या देशाच्या सैन्यात लढणारा माणूस भाडोत्रीच, असे लोक पगार संपला की पळतात, महादजी शिंद्यांनी फौजेत फिरंगी ठेवले आणि त्या फिरंग्यांनीच १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात राज्य बुडवलं, म्हणून आज कुठलाही शहाणा देश परक्याला सैन्यात घेत नाही, भारतीय सैन्यात तर शंभर टक्के भारतीयच, आणि आपला माणूस बाहेरच्या सैन्यात गेला की त्याचं नागरिकत्व आपोआप रद्द. मेसेज पाठवणारे काका मला वडिलांच्या जागी आहेत. तरी हे खोडून काढायलाच हवं, कारण त्यात चुका आहेत आणि एका ठिकाणी अन्यायही आहे.

आधी तो अन्याय. भारतीय सैन्यात नेपाळचे नागरिक आहेत आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या दिवसापासून आहेत. १९४७ मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार झाला. जुन्या दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. पुढे आपण ११ गोरखा रायफल्स नव्याने उभी केली. या पलटणींत भारतीय गोरखे आणि नेपाळी गोरखे एकाच बराकीत राहतात. पगार तोच, हुद्दे तेच, पेन्शनही तेच. नेपाळमधल्या माजी सैनिकांना ते मिळावं म्हणून काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारताची पेन्शन कार्यालयं आहेत. अधिकारी व्हायलाही आडकाठी नाही: एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात भारतीय नागरिकाच्या खालोखाल ‘नेपाळचा प्रजाजन’ असं लिहिलेलं असतं. ज्याला शंका असेल त्याने पुढची जाहिरात उघडून पाहावी.

१९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटला आपल्या सैन्याने हेलिकॉप्टरमधून जी पलटण उतरवली ती ४/५ गोरखा रायफल्स. कारगिलमध्ये खालूबारच्या चढावर १/११ गोरखा रायफल्स होती. या पलटणींतले किती जवान नेपाळचे, किती दार्जिलिंगचे, हे त्या रात्री कोणी मोजत बसलं नव्हतं. त्यांना एका फॉरवर्डमध्ये भाडोत्री ठरवून आपण मोकळे होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायद्यातही हा शब्द असा ढिलाईने वापरलेला नाही. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या ४७व्या कलमात भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. भारताने त्या प्रोटोकॉलला मान्यता दिलेली नाही, पण व्याख्या म्हणून जगात तीच आधाराला घेतात. लढणाऱ्या देशाच्या सैन्यात जो रीतसर भरती झालेला आहे, तो त्या व्याख्येत बसतच नाही, मग त्याचा पासपोर्ट कुठलाही असो.

आता १८०३. हा आपल्या घरचा विषय, म्हणून जरा थांबून बोलतो. लष्कर हे आपल्या भागाचं नावसुद्धा महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या छावणीवरून पडलं. महादजींच्या फिरंग्यांतला मुख्य बन्वा द ब्वान्य हा मूळचा सव्हॉयमधल्या (आज फ्रान्समध्ये) शांबेरीचा. १७८४ मध्ये महादजींनी त्याला दोन पलटणी उभ्या करायला सांगितलं. त्याने शिकवलेल्या फौजेच्या जोरावर १७९० मध्ये राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडता या लढाया जिंकल्या. १७९४ मध्ये महादजी गेले, तेव्हा तो पळाला नाही. जवळजवळ दोन वर्षं दौलतरावांकडे राहिला आणि १७९५च्या अखेरीस रीतसर निरोप घेऊन गेला. ‘पगार संपला की पळतात’ हे निदान त्याला लागू नाही. त्याच्या फौजेचा पगार वेळेवर व्हायचा, कारण त्यासाठी गंगा-यमुनेच्या दोआबातला मुलूखच तोडून दिलेला होता. आणि ‘फिरंग्यांची फौज’ म्हणताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते: फिरंगी होते ते मूठभर अधिकारी, बंदूक धरणारे हजारो शिपाई इथलेच होते.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. द ब्वान्यनंतर आलेला पेराँ सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रजांना फोडलं, आणि बरेच जण गेले. पण सगळे लढाईआधीच गेले असंही नाही. शिंद्यांचा अधिकारी पोलमन हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, म्हणजे इंग्लंडचा राजा तोच त्याचाही राजा. तरी २३ सप्टेंबरला असईला त्याच्या पलटणी इंग्रजांविरुद्ध लढल्या. पुढे तोही कंपनीकडे गेला हे खरं.

मग १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवाडीला काय झालं? फिरंगी अधिकारी उरले नव्हते. शिपाई तोफा सोडायला तयार नव्हते, तोफांपाशीच कापले गेले. समोरचा सेनापती लेक याने स्वतः लिहून ठेवलं की हे लोक वीरांसारखे लढले, आणि फ्रेंच अधिकारी त्यांच्यासोबत असते तर निकालाची खात्री देता आली नसती. हे शत्रूचं म्हणणं आहे. माझ्या मते घात झाला तो वरच्या सगळ्या जागा फिरंग्यांच्या हाती ठेवून त्यांच्या हाताखाली आपले अधिकारी तयार केले नाहीत म्हणून. ज्यांच्या मायदेशाशी उद्या युद्ध होऊ शकतं, त्यांच्याच हाती सगळ्या पलटणी सोपवल्या होत्या.

आजचे देश नेमकी हीच काळजी घेतात. फ्रान्सची परकीय सैनिकांची लीजन १८३१ पासून चालू आहे. पहिला करार पाच वर्षांचा, पण अधिकारी बहुतेक फ्रेंचच. अमेरिकेत ग्रीन कार्डवाला शिपाई होऊ शकतो, अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं. ब्रिटन गोरख्यांशिवाय राष्ट्रकुलातल्या देशांचे लोक घेतं. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून न्यूझीलंडच्या नागरिकांना दार उघडलं. तेव्हा ‘कुठलाही शहाणा देश घेत नाही’ हे वाक्य खोडूनच टाकावं.

नेपाळी तरुणांची आपल्याकडची भरती मात्र २०२० पासून थांबली आहे. आधी कोरोना, मग २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी १९४७च्या करारात बसत नाही, असं नेपाळचं म्हणणं. म्हणजे अडलं ते अटींवर. पंचाहत्तर वर्षं निष्ठेचा प्रश्न कुणी काढला नव्हता.

राहिला नागरिकत्वाचा मुद्दा. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. परक्या सैन्यात नाव घातल्याने ते आपोआप जात नाही.

पण हे वाचून एखाद्या पोराने एजंटला फोन लावू नये. मदतनिसाची नोकरी सांगून आपली मुलं रशियाला नेली आणि युक्रेनच्या आघाडीवर धाडली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा एजंटांवर गुन्हा दाखल केला. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १२ भारतीयांचे मृत्यू सांगितले, १६ जण बेपत्ता. काका, ग्रुपवर पुढे पाठवायचीच असेल तर ही माहिती पाठवा. दहावी-बारावी झालेली, नोकरी शोधणारी मुलं आपल्याही ग्रुपमध्ये आहेत.