‘प्रीपोन’ला चूक ठरवण्याआधी शब्दकोश उघडावा

‘इंग्रजी पत्रकारांच्या पाच ढोबळ चुका’ असा मथळा असलेला जो संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे, तो माझ्या भाचीला घरच्याच गटावर मिळाला. मराठी शाळेत शिकून ती नुकतीच एका इंग्रजी दैनिकात वार्ताहर झाली आहे, आणि ‘मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी पत्रकारिता बिघडवली’ हे त्यातले वाक्य तिला फार लागले. म्हणून हे उत्तर.

संदेशाचा सारा भर ‘प्रीपोन’वर, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाच्या शब्दावर आहे. असा शब्दच इंग्रजीत नाही, तो भारतीय वार्ताहरांनी अर्धवट ज्ञानातून रचला, असे लेखक ठामपणे सांगतो. हे साफ खोटे आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात ‘प्रीपोन’ची नोंद असून तिथे १९१३ सालच्या न्यूयॉर्क टाइम्समधला दाखला दिलेला आहे; ‘पोस्टपोन’ला तोडीस तोड शब्द हवा, तेव्हा तो घडवण्याची मुभा मिळावी, असे एका पत्रलेखकाने तिथे लिहिले होते. पुढे तो शब्द अमेरिकेत फारसा चालला नाही आणि भारतात रुजला, कारण परीक्षा किंवा सुनावणी अलीकडे आणली, हे त्या एका शब्दात इथल्या वाचकाला नेमके कळते. लंडनच्या वाचकासाठी लिहिताना तो टाळावा, एवढे फार तर म्हणता येईल.

‘अँड’ने वाक्य सुरू करणे चूक, हा संदेशातला दुसरा नियम मानला तर १६११ च्या किंग जेम्स बायबल या इंग्रजी भाषांतराचा पहिला अध्याय जवळजवळ सगळाच चुकीचा ठरेल. वाक्याच्या शेवटी ‘प्रिपोझिशन’ (‘इन’, ‘टू’, ‘विथ’ यांसारखा शब्द) नको, या त्याच्या आग्रहाला इंग्रजीच्या वापरावरील कोशाचा कर्ता फाउलर याने १९२६ मध्येच अंधश्रद्धा म्हटले होते. मोठ्या संहाराला ‘डेसिमेट’ म्हणू नये, असेही संदेश सांगतो; त्या शब्दाचा मूळ अर्थ रोमन सैन्यातली दहापैकी एकाला मारण्याची शिक्षा हा खराच, पण मोठा संहार हा अर्थही आता शब्दकोशांनी स्वीकारलेला आहे.

‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणे, नुसते नाकारणे नव्हे, हे संदेशाचे म्हणणे मात्र मान्य करावे लागते. मंत्र्याने आरोप नुसता नाकारलेला असताना बातमीत ‘रिफ्यूटेड’ छापले, तर आरोप पुराव्यानिशी खोडून निघाला, असा वाचकाचा समज होतो, आणि बातमीदाराने नकळत एक बाजू घेतलेली असते. ही चूक गंभीर आहे. परंतु ब्रिटनच्या गार्डियन दैनिकालाही आपल्या लेखनसंहितेत तिच्याबद्दल बजावावे लागले आहे. तिथल्या बहुतेक पत्रकारांची मातृभाषाच इंग्रजी आहे, तेव्हा तिचा दोष मराठी शाळांच्या माथी मारणाऱ्याने ते वाक्य मागे घ्यावे.