आधी सही केलेला कागद वाचा, मग पुस्तकं

सकाळपासून डोकं तापलंय. भाच्याला अंबडला पहिली नोकरी लागली. घरच्या ग्रुपवर त्याने विचारलं, गुंतवणूक शिकायला काय वाचू? अर्ध्या तासात 12 पुस्तकांची यादी. सगळी इंग्रजी, निम्म्यांत अमेरिकेतल्या रिटायरमेंट खात्यांच्या गोष्टी. एकानेही विचारलं नाही, बाबा रे, आधीच कुठे सही केलीस का? मी विचारलं. केली होती. पहिला पगार पडला त्याच आठवड्यात फोन आला, 'सर, गॅरंटीड प्लॅन'. ओटीपी दिला, झालं. वर्षाला 60 हजारांचा विम्याचा हप्ता.

मला आमचे अण्णा आठवले. अख्खी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नोटा छापण्यात गेली. 2008 ला रिटायर झाले. ओळखीचाच माणूस घरी आला आणि फॉर्मवर सही हवी तिथे तिथे पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या. अण्णा फुली दिसेल तिथे सही करत गेले. एफडीसारखंच आहे, तीन वर्षं भरा, म्हणाला. ते युलिप निघालं, म्हणजे थोडा विमा आणि बाकी पैसे बाजारात अशी पॉलिसी. पहिल्या लाखातले 30 हजार चार्जेसमध्ये गेले, आणि हे त्या बाँडमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या कागदांत, चक्क छापलेलं होतं! 'गावकरी' पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचणारा माणूस. बाँड मात्र पिशवीत गुंडाळून देवघराशेजारच्या कपाटात ठेवला. पॉलिसी परत करायला तेव्हा 15 दिवस मिळायचे. ते कुणी सांगितलंच नाही.

पुस्तकं वाचावीत, मान्य. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं, 6 टक्क्यांना 12 वर्षं, हे मलाही पुस्तकातूनच समजलं. पण शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी सेबीची पुस्तिका मराठीत आहे, फुकट आहे, ती त्या यादीत का नाही? पोराच्या हातातून दरवर्षी 60 हजार जाणार आहेत आणि तुम्ही त्याला अब्जाधीशांच्या सवयी वाचायला सांगता? राग येतो हो.

पैसे गेल्याचं कळलं तेव्हा मी अण्णांवर ओरडलो होतो, 'वाचता येत नव्हतं का?' ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. आज तो चष्माच डोळ्यांसमोरून हलत नाही. सही केली त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. मी तरी कुठे एक पान उलटलं?

भाच्याला पॉलिसी मिळून 11 दिवस झालेत. आता परतीची मुदत 30 दिवसांची आहे. रविवारी ये म्हटलंय, सगळी पानं प्रिंट काढून आण. पेन्सिल मी देतो. जी ओळ कळणार नाही तिथे फुली मारायची.