तुरटी दाढीपुरतीच ठेवा

‘गर्भपिशवी काढलेल्या भगिनींसाठी अत्यंत महत्त्वाचे’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. पाच मुद्दे, एकूण सूर ‘आता नवऱ्याशी शरीरसंबंध नकोत’ असा, खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणींना पाठवा’. माझ्या वहिनीला तो भिशीच्या ग्रुपवर मिळाला, ऑपरेशनला दोन महिने होत आले असताना. तिने अंथरूण मुलीच्या खोलीत हलवलं. दादाला वाटलं, कशावरून तरी रुसली. वहिनीला विचारूनच हे लिहितेय.

आधी चौथा मुद्दा घेते, कारण तो नुसता खोटा नाही, इजा करणारा आहे: ‘पिशवी काढल्यावर मार्ग सैल पडतो. रोज तुरटीच्या पाण्याने आतून धुवावे, पूर्ववत होतो.’ अहो, तुरटी काय करते हे घरातल्या कुठल्याही पुरुषाला विचारा. दाढीनंतर गालावर फिरवली की कातडी ओढली जाते, कोरडी पडते आणि कापलं असेल तिथे झोंबते. नेमकं हेच आतल्या नाजूक त्वचेचं करायचं? तेही टाके जेमतेम भरलेले असताना? कोरडेपणा आणि आग वाढते, आतले उपयोगी जिवाणू मरतात, जंतुसंसर्गाला वाट मिळते. मग संबंधाच्या वेळी दुखतं आणि बाईला वाटतं, मेसेज खराच होता! वहिनीने तुरटी आणूनही ठेवली होती. ती आता दादाच्या दाढीच्या डब्यात आहे.

कोरडेपणा येऊ शकतो, हे मात्र मान्य. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशात तयार होणारं स्त्री-संप्रेरक (हार्मोन), एकदम घटतं. अंगातून वाफा येतात, कोरडं पडतं, इच्छाही कमी होऊ शकते. त्यावर औषधाच्या दुकानात पाण्याचा अंश असलेली वंगण जेली मिळते, चिठ्ठी लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं.

पहिला मुद्दा, ‘बाई आतून पोकळ होते, दोघांनाही सुख राहत नाही.’ पिशवी गेली तरी योनिमार्ग जागच्या जागी असतो, फक्त वरचं टोक शिवून बंद करतात. सुखाची जाणीव मुख्यतः शिश्निकेतून, म्हणजे योनीच्या तोंडाच्या वर बाहेरच्या बाजूला असलेल्या छोट्या संवेदनशील उंचवट्यातून (क्लिटोरिस) होते आणि तिला या ऑपरेशनमध्ये कुणी हात लावत नाही. अमेरिकेत मेरिलँडमध्ये हजारावर बायकांची ऑपरेशनआधी आणि नंतर दोन वर्षं विचारपूस केली गेली. १९९९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून ७७ वर गेलं. वारंवार दुखण्याची तक्रार सुमारे १९ टक्के जणींना होती, ती ४ टक्क्यांच्या आत आली. यात नवल कसलं? गाठींनी पोट दुखतंय, रक्तस्राव थांबत नाहीये, अशा बाईला आधी कुठलं सुख होतं?

‘नवऱ्याला कॅन्सर लागतो.’ नाही लागत. पुढे.

‘संबंध आला तर टाके तुटतात.’ साधारण सहा ते आठ आठवडे थांबायचंच असतं. घाई केली तर आतले टाके उसवू शकतात. क्वचित, पण उसवतात. मेसेज लिहिणाऱ्याने या आठवड्यांचं ‘आयुष्यभर’ करून टाकलं.

पाचवा, ‘म्हणून पिशवी कधीच काढू नका.’ गरज नसताना पिशव्या काढल्या जातात, हे नाइलाजाने कबूल करते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पण याचा जाब ऑपरेशन करणाऱ्याला विचारा ना. जिची निघून गेली तिला नवऱ्यापासून लांब झोपवून काय साधणार?

डिस्चार्जच्या वेळी वहिनीला ‘जड उचलू नका’ एवढंच सांगितलं होतं. आता पुढच्या तपासणीला दोघं बरोबर जाणार आहेत. बीजकोश ठेवलेत की काढलेत आणि संबंध कधीपासून, हे दोन प्रश्न दादाने स्वतः विचारायचे असं ठरलंय. तो लाजतोय.