मागच्यांवर अन्याय

परवाच्या पार्टीचा राग अजून उतरला नाहीये म्हणून लिहून टाकतो. "तुला त्यातलं कळतं ना" एवढ्या एका वाक्यावर माझ्या गळ्यात चार स्पीकर, एक मिक्सर आणि वायरींचा गुंता पडला. हॉल लांबट, माणसं खचाखच, आणि प्रत्येकाला आवाज हवा पण आपल्या कानाशी नको.

दोन स्पीकर पुढे, दोन मध्यावर. मधल्यांना डिले लावत होतो तेवढ्यात एक काका मिक्सरला पोट टेकवून उभे राहिले.

"काय करताय?"

"मधल्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडतोय."

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम."

काकांनी वळून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. "म्हणजे पुढच्यांना आधी आणि मागच्यांना नंतर?"

मी समजावलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, पुढचे स्पीकर मधल्यांपासून सतरा मीटरवर, म्हणजे पुढचा आवाज तिथे पोचायला पन्नासेक मिलिसेकंद लागतात, वायरीतून मात्र तो लगेच पोचतो, त्यामुळे सगळे एकदम वाजवले तर मागे एकच शब्द दोनदा आपटतो. वर अजून दहा-पंधरा मिलिसेकंद उशीर दिला की मागच्या माणसाला आवाज थेट पुढूनच आल्यासारखा वाटतो, हेल्मुट हास नावाच्या संशोधकाने १९४९ मध्येच अभ्यासून ठेवलंय हे.

"हासने मागे बसून ऐकलं होतं का?"

"काका, मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग असतो हो. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"कळणार नाही म्हणूनच करतात सगळे! मागच्यांना खुर्ची शेवटी, माइक शेवटी, आता आवाजपण शेवटी?"

शेजारच्या दोन काकू लगेच "बरोबर आहे" म्हणाल्या. कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याकडे प्लंबरला पाइप कसा बसवायचा ते कोणी फारसं सांगत नाही, पण आवाजाला कान लागतात आणि कान सगळ्यांना असतात, त्यामुळे हॉलमधला प्रत्येक जण साउंड इंजिनियर. एक जण तर बेस वाढवा, बेस वाढवा करत सबवूफरवरच बसला होता.

मी सुटलेला प्लग बघायला टेबलाखाली शिरलो आणि तेवढ्यात काकांनी न्याय केला. डिलेचं बटण बंद. वर आलो तर निवेदक मागे दुहेरी ऐकू येतोय, आणि काका मागच्या रांगेतून ओरडतायत, "आवाज घुमतोय! साउंडवाल्याला जमत नाहीये!"

मग पुढचं ठरलेलंच. नीट ऐकू येईना म्हणून लोक जोरात बोलायला लागले, लोक जोरात बोलतात म्हणून मला आवाज वाढवायला सांगितला, आवाज वाढला तसे लोक अजून जोरात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच सांगितलं होतं, त्याच्या मिक्सरपाशी मात्र काका नसणार. आमचे काका तर माइक घेऊन थेट स्पीकरसमोर गेले आणि अशी शिट्टी वाजली की पोरं रडायला लागली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीसुद्धा!

शेवटी आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, फुगे फुगवणाऱ्यांचे, दार उघडं ठेवणाऱ्याचेसुद्धा. साउंडबद्दल काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी सुधारणा करू." करू! वायरी गुंडाळायला मात्र मी एकटाच होतो.