नवनिर्वाचित सदस्यांस, आवक-जावक टेबलावरून

अभिनंदन. तुमच्या विजयाचे फलक चौकातल्या झाडांवर पाहिले. एकेका खोडात चार-चार खिळे. म्हणजे वृक्षविषयक कामाला तुम्ही शपथ घेण्याआधीच हात घातलात. अशी तडफ क्वचित दिसते.

मी आवक-जावकच्या टेबलावर उभी हयात काढली. सदस्य आले नि गेले, शिक्का तोच राहिला. त्या भांडवलावर चार गोष्टी सांगतो. ऐकल्यात तर पाच वर्षं सुखात जातील.

तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी तीन जातीच्या असतील: ओढा, झाड आणि परवाना. नवख्याला त्या तीन दिसतात. मुरलेल्याला एकच दिसते, कारण जागा बहुधा एकच असते. ओढ्याच्या काठाला जुनं झाड, झाडाखाली मोकळी जमीन आणि त्या जमिनीवर कुणाला तरी हॉल बांधायचाय.

ओढ्यापासून धरू. तो साफ करायच्या फंदात पडू नका, आधी त्याचं नाव बदला. कागदावर ‘नदी’ असली की पूररेषा, पर्यावरणाचे अभिप्राय, नाना लचांडं मागे लागतात. ‘ओढा’ लिहिलं की निम्मी गळतात. ‘नाला’ लिहिलं की उरते ती फक्त निविदा. आणि टिपणीत एकदा ‘पावसाळी गटार’ आलं, की त्यावर स्लॅब टाका म्हणून वासाला कंटाळलेले लोकच निवेदन घेऊन येतात. त्यांचे आभार मानून फोटो काढायचा.

गाळ मात्र दरवर्षी काढायचा. काढून काठावरच रचायचा. पहिल्या पावसात तो बिनबोभाट खाली उतरतो आणि पुढच्या उन्हाळ्याचं काम जागेवर तयार ठेवतो. गाळाइतका इमानी माणूस मला खात्यात भेटला नाही.

पात्र सरळ करून दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घेतल्यात तर सोन्याहून पिवळं. वळणं गेली, काठची झुडपं गेली, की पाणी रेंगाळत नाही, मुरत नाही, सुसाट पुढे निघून जातं. तुमच्या प्रभागात पूर आला नाही याचं श्रेय तुमचं. खालच्या प्रभागात लोकांच्या पलंगापर्यंत आलं, तर तो तिथल्या सदस्याचा गलथानपणा.

दोन धोके तेवढे लक्षात ठेवा. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्सचा वास थेट संसदेत शिरला. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले, तरी हटेना. वर्षानुवर्षं रखडलेल्या गटारांचा कायदा मग काही आठवड्यांत मंजूर झाला. तेव्हा सभागृहाच्या खिडक्या कोणत्या बाजूला उघडतात ते आधी बघून घ्या. दुसरा धोका दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा. तिथला चोंग्येचॉन ओढा अगदी शास्त्रशुद्ध झाकला होता, वर रस्ता, रस्त्यावर उन्नत मार्ग. २००३ मध्ये तिथल्या महापौरांनी तो मार्ग पाडायला काढला आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा उघड्यावर आणला. हे महापौर पुढे देशाचे अध्यक्ष झाले आणि त्यानंतर तुरुंगात गेले. तुरुंग लाचखोरीपायी होता, ओढ्यापायी नव्हे. पण हा तपशील सभेत कुणी विचारत नाही.

आता झाड. तोडू नका! इथेच भले भले फसलेत. इंग्लंडातल्या शेफील्डच्या परिषदेने २०१२ मध्ये रस्त्यांचा पंचवीस वर्षांचा करार केला. त्यात १७,५०० झाडं बदलण्याचा आकडा होता. २०१६ च्या नोव्हेंबरात एके पहाटे पाचच्या सुमारास पोलीस बंदोबस्तात एका रस्त्यावर करवती नेल्या. लोकांना झोपेतून उठवून गाड्या हलवायला लावल्या, सत्तरीतल्या दोन बायकांना अटक केली. पुढे चौकशी, अहवाल, जाहीर माफी. कशासाठी एवढा गाजावाजा?

त्यापेक्षा सुशोभीकरण करा. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच पसरलेली असतात आणि त्यांना हवा लागते. तेव्हा पेव्हर ब्लॉक पार बुंध्याला भिडवायचे. मी एका गवंड्याला पाहिलंय, खोडाभोवती थापीने माल असा गोल फिरवून घोटला होता की जणू झाडाला कॉलर शिवतोय. वर ओल्या सिमेंटात काडीने तारीखही घातली त्याने. झाड लगेच काही बोलत नाही. दोन-चार पावसाळे पानं येतात, मग शेंडा वाळतो, मग एखादी फांदी वाऱ्यात खाली येते. तोवर तुमची मुदत संपलेली असते आणि पुढचा सदस्य ‘धोकादायक’ असा रीतसर दाखला घेऊन ते उतरवतो. तुमचे हात स्वच्छ.

परवान्याबद्दल फार सांगत नाही, तुमचे मित्र सांगतीलच. अग्निशमनवाले बांधकामचा दाखला मागतात, बांधकामवाले अग्निशमनचा. या चक्रात हातगाडीवाला फिरतो, हॉलवाला फिरत नाही. त्याला ‘तात्पुरता’ परवाना मिळतो. तात्पुरत्याला मुदत नसते, मुदतवाढ असते.

राहता राहिला तक्रारदार. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, रेघी कागदावर सुंदर अक्षरात एक अर्ज. आधी झाडाबद्दल, मग ओढ्याबद्दल, मग हॉलच्या रात्रीच्या आवाजाबद्दल. मी पोच द्यायचो. त्यांच्या पोचपावत्यांची जाडी झाडाच्या एखाद्या फांदीएवढी झाली असेल. अशा माणसाशी भांडू नये. त्याचा सत्कार करावा.

आम्ही केला. जागतिक पर्यावरणदिनी, ५ जूनला, त्याच हॉलमध्ये ‘वृक्षमित्र’ म्हणून गुरुजींना मानपत्र दिलं आणि काळ्या पिशवीतलं एक रोप. भाषणं लांबली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या टेबलापुढे उभे, रोप हातात, पिशवीतून पाणी माझ्या रजिस्टरवर ठिबकतंय.

“हे लावू कुठे?” म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, “सार्वजनिक जागेत लावायचं तर परवानगी लागते, गुरुजी. अर्जाचा नमुना खिडकी क्रमांक तीनवर मिळेल. जागा मोकळी असल्याचा बांधकामचा दाखला सोबत जोडा.”