सैतानाला कशाला मध्ये आणता?

आज भाच्याच्या गिटार क्लासचा कार्यक्रम होता. मध्येच सरांनी माईक घेतला आणि रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट सुरू केली. अमेरिकेतल्या मिसिसिपीचा, ब्लूज म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं संगीत गाणारा-वाजवणारा. धड वाजवता येत नव्हतं, मध्यरात्री चौरस्त्यावर गेला, सैतानाला आत्मा विकला आणि रातोरात बादशहा झाला. टाळ्या! घरी येताना स्कूटरवर मागून भाचा विचारतो, "आत्या, म्हणजे त्याने रियाज केलाच नाही?"

तेव्हापासून डोकं फिरलंय.

बाबा तबला वाजवायचे. चाळीत रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून उशी घेऊन गच्चीवर बसायचे. तबल्यातला एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच रचना, दीड-दीड तास, उशीवर. अभ्रा बोटांखाली विरायचा, आई ठिगळ लावायची. आणि कार्यक्रमानंतर लोक म्हणायचे, "यांना काय, देवाची देणगी आहे!" बाबा नुसते हसायचे. मला लहानपणीही राग यायचा.

जॉन्सनचंही तेच केलं लोकांनी. त्याच्या आधीचा ब्लूज गायक सन हाउस, त्याने स्वतः सांगून ठेवलंय, आम्ही जरा थांबलो की हा पोरगा गिटार उचलून असा गोंगाट करायचा की लोक वैतागायचे. मग तो गाव सोडून गेला आणि परत आला तेव्हा ऐकणारे थक्क झाले. पण मधल्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे शिकत होता हो! रात्री दोघं दफनभूमीत जाऊन वाजवायचे, कारण तिथे तक्रार करायला कोणी नव्हतं. आमची गच्ची, त्यांची दफनभूमी.

आणि त्याचं ते चौरस्त्यावरचं गाणं, 'क्रॉस रोड ब्लूज', नीट ऐका तरी. नोव्हेंबर १९३६, सॅन अँटोनिओमधल्या हॉटेलात केलेलं रेकॉर्डिंग. त्यात सैतान नाहीच. तो गुडघे टेकून देवाची करुणा भाकतोय, येणाऱ्या गाडीला हात करतोय, कोणी थांबत नाही आणि दिवस मावळतोय. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत अंधार पडल्यावर परक्या रस्त्यावर एकटा काळा माणूस! भीती माणसांची होती.

'मी अँड द डेव्हिल ब्लूज' हे सैतानाचं नाव घेणारं गाणं त्याचंच आहे, मान्य. म्हणून करार झाला का? सौद्याची ती गोष्ट तर आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाची म्हणून सांगितली जायची.

एवढं चिडून लिहिलं, पण रॉबर्टचा विचार करताना राग टिकत नाही. पहिली बायको सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली. तो स्वतः १९३८ च्या ऑगस्टमध्ये गेला, वय २७. मागे २९ गाणी. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याला बोलवायचं होतं. तो नव्हता, म्हणून रंगमंचावर त्याच्या रेकॉर्ड्स वाजवल्या.

मघाशी भाच्याला त्याचं 'कम ऑन इन माय किचन' ऐकवलं. मध्येच जॉन्सन गायचं सोडून हळूच बोलतो, वारा घोंघावतोय, ऐकू येतोय ना, आणि गिटार खरंच वाऱ्यासारखी कण्हते. भाच्याने तेवढाच तुकडा चार वेळा मागे नेऊन ऐकला. मग स्वतःची गिटार घेतली. अकरा वाजून गेले होते, वहिनी ओरडली, शेजारी झोपलेत.

उशी अजून माळ्यावर आहे. उद्या काढते.